झाडाला हरवायचे सोपे उपाय

'झाडापेक्षा दहापट कार्यक्षम कृत्रिम पान!' ही बातमी या आठवड्यात चौथ्यांदा आली. चौथ्या ग्रुपवरून, निळ्या उजेडातल्या त्याच काचेच्या भांड्याच्या फोटोसह, खाली टाळ्या आणि जोडलेले हात. म्हणजे मागणी दांडगी आहे. मग तुम्हीच का मागे राहता? कृत्रिम पान, म्हणजे उन्हाच्या जोरावर पाणी आणि कार्बन डायऑक्साइडपासून मिथेनसारखं इंधन बनवणारं उपकरण, बनवणं महाकठीण, पण ते जाहीर करायला एक दुपार पुरते.

आधी उत्प्रेरक, म्हणजे प्रकाश पिऊन ही प्रक्रिया घडवणारा पदार्थ, निवडा. टायटॅनियम डायऑक्साइड उत्तम, घराणं मोठं आहे. फुजिशिमा आणि होंडा यांनी १९७२ मध्ये त्याच्याच इलेक्ट्रोडवर प्रकाश पाडून पाणी फोडून दाखवलं होतं. त्याचा बँड गॅप, म्हणजे त्यातला इलेक्ट्रॉन मोकळा करायला प्रकाशाच्या कणात लागणारी किमान ऊर्जा, ३ इलेक्ट्रॉन व्होल्ट किंवा थोडी जास्तच, त्यामुळे पठ्ठ्या जवळजवळ फक्त अतिनील किरण खातो, आणि उन्हात ते असतात जेमतेम चार-पाच टक्के. बिघडलं कुठे? झेनॉनचा दिवा लावा, अतिनील अडवणारा फिल्टर काढून ठेवा आणि मथळ्यात 'सूर्यप्रकाश' लिहा.

मग पाणी. खऱ्या पानाचं सगळ्यात किचकट काम म्हणजे पाण्याकडून इलेक्ट्रॉन काढून घेणं. ऑक्सिजनचा एक रेणू सुटायला चार इलेक्ट्रॉन ओढावे लागतात. तुम्ही या भानगडीत पडू नका. भांड्यात ट्रायइथेनॉलअमीन ओता. ते खुशीने इलेक्ट्रॉन देतं आणि त्यात स्वतः खर्ची पडतं. हा पदार्थ इथिलीन ऑक्साइड आणि अमोनियापासून, म्हणजे शेवटी खनिज तेल आणि वायूपासूनच येतो, हे तळटीपेतही नको. झाड पाणी पितं, तुमचं पान पेट्रोकेमिकल पितं. चालायचंच.

उत्प्रेरक ५ मिलिग्रॅम घ्या आणि उत्पादन 'प्रति ग्रॅम' सांगा. आकडा आपोआप २०० पट.

टिकाऊपणाची चाचणी चार तास. पाचव्या तासाची वाट बघायची नाही.

आर्गॉन या निष्क्रिय वायूच्या वाटेला तर जाऊच नका. कार्बन डायऑक्साइडऐवजी आर्गॉन भरून तोच प्रयोग केला आणि तरीही मिथेन निघाला, तर त्यातला कार्बन उत्प्रेरकात राहून गेलेल्या द्रावकाचा नाहीतर झाकणाला लावलेल्या ग्रीसचा असतो. कार्बन-१३, म्हणजे जरा जड कार्बन, असलेला कार्बन डायऑक्साइड वापरायची दुर्बुद्धीही नको. मग मिथेन मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर, १६ ऐवजी १७ ला दिसावा लागतो, आणि नाही दिसला तर टाळ्या परत कराव्या लागतात.

आता हुकमाचा एक्का: कार्बन डायऑक्साइड 'थेट हवेतून' पकडला म्हणा. हवेत हा वायू दहा लाख रेणूंमागे सव्वाचारशे-साडेचारशेच्या दरम्यान. एकही रेणू निसटला नाही असं धरलं तरी एक टन गोळा करायला साधारण १३ लाख घनमीटर हवा पंख्यांनी ओढावी लागते, आणि निसटतात तर पुष्कळ. अमीन, म्हणजे हा वायू धरून ठेवणारं रसायन, लावलेला शोषक भरला की तो १०० अंशांच्या आसपास तापवा. त्याने हवेतली वाफही पिऊन ठेवलेली असते, तिला हुसकावण्यात उष्णता वाया. अमीनऐवजी चुन्यात वायू पकडायच्या मार्गाने गेलात तर भट्टी ९०० अंशांवर. उष्मागतिकीच्या हिशेबाने टनामागे किमान सव्वाशे युनिटं. प्रत्यक्षात उष्णता आणि वीज मिळून दोन हजार सहज. ही सगळी ऊर्जा कोळशाच्या विजेवर काढा बघू. कोळशाचं एक युनिट म्हणजे ढोबळ एक किलो कार्बन डायऑक्साइड. एक टन पकडायला दोन टन सोडले! आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय, आणि आपण पिठाची गिरणी 'हरित' म्हणून मिरवतोय.

आइसलँडमधलं ऑर्का हे हवेतून कार्बन डायऑक्साइड पकडणारं केंद्र निदान भूऔष्णिक ऊर्जेवर चालतं आणि पकडलेला वायू पाण्यात विरघळवून बेसाल्टमध्ये सोडतं, तिथे त्याचा खडक होतो. हिशेब तरी सरळ. २०२१ मध्ये सुरू झालं तेव्हाची त्याची जाहीर क्षमता वर्षाला ४,००० टन. कोळसा, तेल आणि वायू जाळून जग तेवढा धूर साडेतीन सेकंदांत सोडतं. तुम्ही हा परिच्छेद वाचेपर्यंत ऑर्काची काही वर्षं गेली.

पुरे झाली थट्टा. कोळशाच्या धुराड्यात हाच वायू १२ ते १५ टक्के असतो, हवेच्या तीनशे पट दाट. तो अमीनने धुऊन काढायची रीत १९३० च्या पेटंटपासून माहीत आहे. धुराड्यावर ते परवडत नाही म्हणणारेच उद्या हवेतून गाळून काढू म्हणतात, तेव्हा ते तुम्हाला वेड्यात काढत असतात. आणि पकडलेला वायू जातो कुठे, हे कधी विचारलंत? आजवरचा बराचसा जुन्या तेलविहिरींत ढकलला गेला, आणखी तेल वर यावं म्हणून!

पानाला कमी लेखणंही बंद करा. पीक उन्हातली एखाद-दुसरा टक्काच ऊर्जा साठवतं, मान्य. पण तेवढ्यातच त्याने मुळं, खोड, बी, सगळं उभं केलेलं असतं. कडक उन्हात त्याचं प्रकाशसंश्लेषणातलं डी-१ प्रथिन तासाभरात निकामी होतं आणि पान ते स्वतः बदलतं. तुमच्या दहापटवाल्या भांड्यातला उत्प्रेरक कोण बदलतं? आणि तो दिवा कुणाच्या विजेवर जळतो?

पाचव्यांदा पाठवणार असाल तर आधी त्या बातमीत आर्गॉनची चाचणी शोधा. नाही ना सापडली? मग नका पाठवू.