प्रतिक्रियेला उत्तर : 'चार किलोनं विमान काय पडतंय व्हय?'

दादा, विमानाच्या वेट अँड बॅलन्सवर, म्हणजे वजन आणि तोलाच्या हिशोबावर, मी लिहिलं होतं, त्यावरच्या तुमच्या कमेंटला खाली दोन ओळीत उत्तर देऊन मोकळं व्हावं असं काही वाटेना, म्हणून हे वेगळं आणि जरा लांबलचक लिहितोय.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की वेट अँड बॅलन्स हे पायलटचं आणि लोडशीट (विमानात किती वजन कुठं आहे त्याचा कागद) काढणाऱ्यांचं काम, आता तर ते सॉफ्टवेअरच करतंय, मेकॅनिकनं नटबोल्ट नीट आवळावेत एवढंच, आणि मी उगाच आर्म-मोमेंटची (आर्म म्हणजे अंतर, मोमेंट म्हणजे वजन गुणिले ते अंतर) गणितं घालून एएमईच्या, म्हणजे विमान मेंटेनन्स शिकणाऱ्या पोरांना, त्यात तुमच्या भाच्याला, घाबरवून सोडलंय. वर तुम्ही विचारलंय की उसाची ट्रॉली वाकडीतिकडी भरली तरी कारखान्यापर्यंत जातेच की, मग शेपटाकडं चार किलोचा डबा बसवला म्हणून विमान काय पडतंय व्हय, एवढं पाणी तर पॅसेंजर पिऊन बसतोय.

लोडशीट पायलट बघतो हे एकदम मान्य. पण त्या लोडशीटची पहिली ओळ कुठली असते बघा, एम्प्टी वेट म्हणजे रिकाम्या विमानाचं वजन, आणि त्याचा सीजी म्हणजे ज्या बिंदूवर विमानाचा तोल साधतो तो, आणि हे दोन आकडे पायलटनं काढलेले नसतात, सॉफ्टवेअरनंही नाही, ते हँगरमध्ये विमान तोलून किंवा बदललेल्या पार्टचा हिशोब करून मेंटेनन्सवाल्यांनी लिहिलेले असतात. पायलट त्यात माणसं, बॅगा, फ्युएल मिळवत जातो. पॅसेंजर त्याला दिसतो, बॅग तोलता येते, पण तुम्ही शेपटाच्या आत काय बसवलंय आणि कागदावर काय चढवलंय हे त्याला कधीच दिसत नाही, तो तुमच्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतो. माझं सगळं म्हणणं एवढ्यावरच उभं आहे.

आता तुमचे चार किलो घेऊ. हिशोबाला सोपं जावं म्हणून एक लहान विमान धरा, एम्प्टी वेट ७५० किलो, सीजी डेटमच्या (जिथून सगळी अंतरं मोजतात ती ठरलेली जागा) मागं बरोबर १ मीटरवर, म्हणजे मोमेंट ७५०. पुढच्या सीटचा आर्म साधारण ०.९४ मीटर, तिथं पॅसेंजरचं चार किलो पाणी ठेवलं तर सीजी जेमतेम ०.३ मिलिमीटर हलतो, म्हणजे हललाच नाही म्हणा. तेच चार किलो शेपटाकडं ५ मीटरवर ठेवा, मोमेंट २० नं वाढून ७७० झाली, वजन ७५४, भागाकार करा, सीजी आला १.०२१, सरळ २ सेंटिमीटर मागं. सेस्ना १७२ एसमध्ये हलक्या वजनाला सीजीची अख्खी रेंज ३५ ते ४७.३ इंच, म्हणजे ३१ सेंटिमीटर, आणि पूर्ण २५५० पौंडाला पुढची हद्दच ४१ इंचावर येते म्हणजे उरतात १६ सेंटिमीटर. त्यातले दोन तुम्ही एकही माणूस बसायच्या आधी खाल्ले, आणि लॉगबुकात नोंद नसेल तर ते कुणालाच ठाऊक नाही.

आणि पोरं जिथं हमखास अडकतात ती जागा म्हणजे मायनसची चिन्हं. १७२ चा डेटम फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधली भिंत) पुढच्या तोंडाला, म्हणजे इंजिनकडचं सगळं मायनस आर्मवर. समजा जुना जड स्टार्टर काढून हलका बसवला, ३ किलो कमी झालं, आर्म मायनस ०.६. वजन मायनस, आर्म मायनस, मोमेंट आली प्लस १.८. वजन घटलं आणि मोमेंट वाढली, सीजी ६ मिलिमीटर मागं गेला. विमान हलकं झालं म्हणून सगळे खूश असतात, आणि त्यात तो शेपटातला डबा त्याच दिशेला ओढतोय, दोन्ही मिळून पावणेतीन सेंटिमीटरपर्यंत गेलं. असे बारके बदल वर्षानुवर्षं साचत जातात, वर रंगाचा नवा थर, म्हणून तर विमान परत तोलावं लागतं.

मी पार्किंग ब्रेक सोडून तोलायचं म्हटलं तर तुम्ही विचारलंत की विमान घरंगळलं तर काय करायचं? चाकांना चॉक म्हणजे ठोकळे लावायचे की. प्लॅटफॉर्म काट्यावर ब्रेक लावून ठेवला तर चाकं काट्याला आडवी ताणतात आणि रीडिंग चुकतं, म्हणून ब्रेक सोडायचा, पण मग काट्यावर ठेवलेल्या चॉकचं वजन टेअर म्हणून वजा करायला विसरायचं नाही. विमान धुऊन पूर्ण सुकलेलं पाहिजे, लेव्हलमध्ये पाहिजे, हँगरचे दरवाजे बंद, कारण पंखावरून वारा गेला की तो थोडी लिफ्ट देतो आणि काटा खोटं बोलतो. सीटखाली राहिलेला पान्ह्यांचा डबा बाहेर काढायचा. फ्युएल मॅन्युअलप्रमाणं काढायचं, ऑइल किती ठेवायचं तेही मॅन्युअलच सांगतं. हे सगळं मेकॅनिकच्याच हाताचं काम आहे दादा, यात पायलट कुठं आला?

भाच्याला घाबरवायचा माझा अजिबात हेतू नाही, पण ८ जानेवारी २००३ ला अमेरिकेत शार्लटला काय झालं ते त्यानं वाचलंच पाहिजे. एअर मिडवेस्टचं बीचक्राफ्ट १९०० डी, टेकऑफ घेतल्या घेतल्या नाक वर वर जात राहिलं आणि २१ च्या २१ माणसं गेली. मेंटेनन्समध्ये एलेव्हेटरच्या (शेपटावरची नाक वर-खाली करणारी फळी) केबलचं टेन्शन लावताना रिगिंग म्हणजे जुळणी चुकली होती, नाक खाली करायला एलेव्हेटर निम्माच जात होता. तरी त्या मेंटेनन्सनंतरच्या, अपघाताआधीच्या फ्लाइट निभावून गेल्या! त्या दिवशी मात्र सीजी हद्दीच्या मागं होता, कारण माणसांची आणि बॅगांची वजनं ठरलेल्या सरासरीनं धरलेली आणि ती सरासरी खऱ्या वजनांपेक्षा कमी होती. नंतर ही सरासरी वाढवावी लागली. नटबोल्टची चूक आणि वजनाची चूक दोन वेगळ्या खात्यात राहत नाहीत, हवेत त्या एकमेकीला गाठतात.

ट्रॉलीचं म्हणाल तर ट्रॅक्टरमागं जास्त ऊस लादला की त्याची पुढची चाकं उचलतात आणि स्टिअरिंग हवेत फिरतं हे आपण शिरोळ-कागलच्या रस्त्याला बघतोच की, पण तिथं ड्रायव्हर ब्रेक मारून उतरू तरी शकतो. आणि उजळाईवाडीला, कोल्हापूरच्या विमानतळावर, एटीआर ७२ मध्ये मागच्या दारानं चढताना शेपटाखाली एक दांडा टेकवलेला असतो तो बघा एकदा. सगळी माणसं मागंच गोळा झाली तर विमान शेपटावर बसू नये म्हणून तो असतो. उभ्या विमानाला आधार देता येतो, उडत्याला नाही.

भाच्याला एक गणित देतो, घाबरायचं नाही, सोडवून बघायचं. वरचंच ७५० किलोचं विमान, १२ किलोची बॅटरी फायरवॉलपुढं मायनस ०.३ वरून काढून मागं प्लस २.९ वर नेली. एकूण वजन तेवढंच राहिलं, सीजी किती हलला? पुस्तक उघडायच्या आधी त्यानं फक्त दिशा सांगावी, मग हलवलेलं वजन गुणिले हलवलेलं अंतर, भागिले एकूण वजन. ५.१ सेंटिमीटर मागं आलं तर बरोबर. वेगळं आलं तर कागदाचा फोटो काढून इथंच कमेंटमध्ये टाकायला सांगा, कुठं अडलं ते मी बघतो.