सेल्मी पॉल यांनी बांधलेली राखी

माझा एक जवळचा मित्र अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करतो. पक्का नास्तिक, पक्का जडवादी. माणूस म्हणजे शरीर, मन म्हणजे मेंदूचं काम, देव म्हणजे भीतीतून जन्मलेली कल्पना, हे तो न चिडता, शांतपणे मांडतो. मी वसईची कॅथलिक. आमचा ताजा वाद सिस्टर राणी मारियांवर येऊन अडला आणि तो माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

राणी मारिया मूळच्या केरळच्या, फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट या कॅथलिक जोगिणींच्या संघातल्या. मध्य प्रदेशात देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला त्या गरीब आदिवासींमध्ये काम करायच्या. बचत करायला शिकवायचं, सरकारी योजना मिळवून द्यायच्या, सावकाराच्या पाशातून सोडवायचं. ज्यांचं व्याज बुडू लागलं त्यांना हे खपलं नाही. २५ फेब्रुवारी १९९५ ला त्या इंदूरला निघाल्या असताना समंदरसिंग नावाच्या तरुणाने धावत्या बसमध्ये त्यांच्यावर चाकूने वार केले. बस थांबवून त्यांना बाहेर ओढलं आणि वार करतच राहिला. अंगावर ५४ जखमा होत्या.

त्याला जन्मठेप झाली. स्वामी सदानंद या नावाने ओळखले जाणारे एक ख्रिस्ती धर्मगुरू त्याला तुरुंगात भेटत राहिले. मग २००२ मध्ये राणी मारियांची सख्खी धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, इंदूरच्या तुरुंगात गेली आणि तिने त्याच्या मनगटाला राखी बांधली. ज्याने चाकू धरला होता, त्याच माणसाला भाऊ म्हटलं. त्याची सुटका व्हावी म्हणून त्या कुटुंबाने अर्जावर सह्या केल्या. २००६ मध्ये तो सुटला.

मित्राचं म्हणणं असं, की यात गूढ काही नाही. सूडाचं चक्र थांबवणारे समूह टिकले, म्हणून क्षमेची वृत्ती आपल्यात उतरली. जीवशास्त्रज्ञ रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी १९७१ मध्येच परतफेडीच्या परोपकाराचा सिद्धांत मांडला, म्हणजे आज मी तुला मदत करतो, कारण उद्या तू मला करशील. शिवाय राग सोडला की माणसाचा ताण कमी होतो. सेल्मी पॉल यांनी स्वतःच्या मनःशांतीसाठी माफ केलं, आणि ते छानच केलं.

यातलं बरंच मला मान्य आहे. देवाने माणूस मातीतून घडवला यावर माझा विश्वास आहे, त्यामुळे मेंदूतल्या रसायनांची मला भीती वाटत नाही. पण मनःशांती घरी बसूनही मिळते. त्यासाठी तुरुंगात जावं लागत नाही, राखी तर मुळीच बांधावी लागत नाही. आणि समंदरसिंगकडून परतफेड काय मिळणार होती?

खरी अडचण पुढे आहे. माणूस जर फक्त जनुकं, संस्कार आणि परिस्थिती यांची बेरीज असेल, तर त्या दिवशी समंदरसिंगकडून दुसरं काही घडूच शकत नव्हतं. मग क्षमा कशाची? पुरात घर वाहून गेलं तर आपण नदीला माफ करत नाही, बांध घालतो. तसंच त्यालाही दुरुस्त करावं, कोंडून ठेवावं, एवढंच उरतं. सेल्मी पॉल मात्र 'बिचाऱ्याचा इलाज नव्हता' असं समजून त्याच्याकडे गेल्या नाहीत. घडलं ते पाप होतं, ते त्याने केलं, आणि तरीही तो माझा भाऊ, ही त्यांची भूमिका. तिन्ही गोष्टी एकदम खऱ्या असतील तरच त्या राखीला अर्थ आहे.

इथे मित्राने मेंदूचा अभ्यास करणाऱ्या बेंजामिन लिबेटचे १९८३ चे प्रयोग काढले. बोट हलवायचं ठरवल्याची जाणीव होण्याआधीच मेंदूत हालचाल सुरू होते, म्हणजे इच्छास्वातंत्र्य हा भास. पण २०१२ मध्ये आरोन शुर्गर आणि सहकाऱ्यांनी मेंदूतल्या त्याच हालचालीचा वेगळा अर्थ लावून दाखवला, की तो आधीच झालेला निर्णय नसून मेंदूतल्या सततच्या चढउताराचा परिणाम असू शकतो. ते काहीही असो, कारण नसताना बोट हलवणं आणि खुन्याच्या भेटीला जायचं की नाही यावर कित्येक वर्षं झुरणं, या दोन्हींना एकाच पट्टीने मोजायचं कसं?

तो म्हणाला, जबाबदारी ही समाजाची सोय आहे, ती मानली नाही तर व्यवहार चालणार नाही. हे त्याचं सगळ्यात चांगलं उत्तर होतं. पण समंदरसिंगने कुटुंबाकडे क्षमा मागितली, तो राणी मारियांच्या समाधीला जातो, ते समाजाच्या सोयीसाठी नाही. मी हे केलं, आणि मला हे करायला नको होतं, एवढंच त्याला म्हणायचं आहे. जडवाद त्याला सांगणार, दुसरा भाग हा तुझा भ्रम. मला ते क्रूर वाटतं, आणि खोटंही.

नास्तिक माणूस कमी नीतिमान असतो असं मी म्हणत नाहीये. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या गेल्या. देव न मानता त्यांनी आयुष्य लोकांसाठी वेचलं. आणि गोव्यातलं इन्क्विझिशन, म्हणजे धर्मविरोधी ठरवलेल्यांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, १५६० पासून १८१२ पर्यंत आमच्याच क्रुसाच्या नावाने चाललं, हे मी विसरू शकत नाही. माझं म्हणणं इतकंच, की एखाद्या बाबाने गरीब बाईला नाडलेलं पाहून माझा मित्र पेटून उठतो तेव्हा तो 'हे वाईट आहे' असं मनापासून म्हणतो. 'माझ्या मेंदूला हे रुचत नाही' असं म्हणत नाही. त्याचं जगणं त्याच्या सिद्धांताहून मोठं आहे.

त्याचा शेवटचा प्रश्न मात्र जिव्हारी लागला. तुझा देव त्या बसमध्ये कुठे होता? याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि कुणी घाईघाईने दिलं तर मला ते ऐकवत नाही. 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' असं प्रभू येशूच क्रुसावर ओरडला. त्यामुळे हा प्रश्न श्रद्धेच्या बाहेरून आलेला मला वाटत नाही. देवाला जाब विचारायची आम्हाला मुभा आहे, कारण जाब विचारायला समोर कुणीतरी आहे. फक्त अणूंचं जग असेल तर राणी मारियांवर अन्याय झाला असं म्हणायला आधार कुठला? ५४ जखमा झाल्या, एवढंच म्हणता येईल.

मित्रा, तू हे वाचशीलच. समंदरसिंगच्या पश्चात्तापाला तुझ्या जगात जागा कुठे आहे ते मला सांग. वाद जिंकायला विचारत नाही, मला उत्तर खरंच हवंय.