एक पाऊल डावीकडे

आईबाबांच्या लग्नाला 40 वर्षे झाली, तेव्हा विकतची भेट न देता स्वतःच्या हाताने काहीतरी करावे, अशी दुर्बुद्धी मला झाली. डावीकडून पाहिले की आई आणि उजवीकडून पाहिले की बाबा दिसतील, असे फोटोंचे घडीचित्र करायचे मी ठरवले. या प्रकाराला अगामोग्राफ म्हणतात. यॅकोव्ह अगाम या 1928 साली जन्मलेल्या इस्रायली कलाकारावरून ते नाव पडले. आमच्या घरी मात्र हे प्रकरण अगम्यच ठरले आणि त्याचा दोष अगाम यांच्याकडे मुळीच जात नाही.

कृती सांगायला सोपी आहे. दोन फोटो ए-फोर आकारात छापायचे, प्रत्येकाच्या दीड सेंटिमीटर रुंदीच्या 14 उभ्या पट्ट्या कापायच्या आणि एक आईची, एक बाबांची अशा क्रमाने ए-थ्री कागदावर चिकटवायच्या. 28 पट्ट्यांचे 42 सेंटिमीटर होतात, ए-थ्रीची लांबीही नेमकी तेवढीच असते. कागदाची मापे ठरवणाऱ्यांनी माझ्या आईबाबांचा विचार आधीच करून ठेवला होता, असे मला क्षणभर वाटले. मग प्रत्येक जोडावर घडी घालायची, एक डोंगरघडी आणि एक दरीघडी. घड्यांच्या आकृत्यांत आज सर्रास दिसणारी तुटक रेषांची लिपी जपानी ओरिगामीकार आकिरा योशिझावा यांच्यामुळे रूढ झाली. या लिपीत डोंगर आणि दरी वेगवेगळ्या रेषांनी दाखवतात. पंधराव्या घडीला आपण स्वतः कोणत्या दरीत आहोत, हे दाखवणारी रेषा मात्र त्यांनी ठेवलेली नाही.

पहिली प्रत मी चकचकीत फोटो-कागदावर काढली. त्या कागदाला प्लास्टिकचा थर असतो, तो घडीवर तडकतो, आणि त्यामुळे बाबांच्या नाकावरून खाली हनुवटीपर्यंत एक पांढरी भेग गेली. दुसरी प्रत जरा जाड, पण बिनचकाकीच्या कागदावर काढली आणि शाई संपलेल्या बॉलपेनने फूटपट्टीच्या कडेने रेघा दाबून मगच घड्या घातल्या. घड्या देखण्या आल्या, परंतु प्रत्येक पट्टी कापताना अर्धा मिलिमीटर सुटला होता, आणि 28 पट्ट्यांत अर्ध्या मिलिमीटरचे 14 मिलिमीटर होतात. बाबांचा उजवा कान कागदाबाहेर गेला. तिसरी प्रत जमली. दोन रात्री, तीन ब्लेड आणि एक बोट खर्ची पडले.

रविवारी सगळे जमले असताना मी ते चित्र बैठकीत उभे केले. आई डावीकडून आली आणि स्वतःला पाहून हसली, मग दोन पावले चालून गेली आणि बाबांना पाहून आणखी हसली. इथेच कार्यक्रम संपायला हवा होता. पण समोरच्या खुर्चीत बाबांचे एक जुने मित्र बसले होते. त्यांना आम्ही काका म्हणतो. काका एकदा खुर्चीत बसले की निघायच्या वेळीच उठतात.

काकांनी चष्मा वर केला, खाली केला आणि विचारले, “वहिनींना मिशा कधीपासून आल्या?”

“काका, समोरून दोन्ही फोटो एकदम दिसतात. जरा डावीकडे या ना.”

“डावीकडे कशाला? मी इथे बसलोय की.”

“डावीकडून आई दिसते, उजवीकडून बाबा.”

“आणि मी जिथे बसलोय तिथून?”

“तिथून दोघेही, थोडे थोडे.”

“म्हणजे बिघडलंय,” काकांनी निकाल दिला. त्यानंतर त्यांनी आवाज खाली आणून, एखाद्या गुन्ह्याची चौकशी करावी तसे विचारले, “आणि तू फोटो कापलेस? आईबाबांचे? कात्रीने?”

“ब्लेडने,” मी म्हटले, आणि बैठकीतली सहानुभूती तत्क्षणी काकांकडे गेली. मूळ फोटो सुखरूप आहेत, कापल्या त्या छापलेल्या प्रती, हे मी दोनदा सांगितले. पण ब्लेड हा शब्द एकदा निघाला की पुढचे स्पष्टीकरण कोणी ऐकत नाही.

तरीही मी हट्ट सोडला नाही. काका उठत नाहीत तर चित्रच त्यांच्यापाशी न्यावे, या विचाराने मी ते दोन्ही हातांत धरले आणि त्यांच्या डाव्या खांद्यापासून उजव्या खांद्यापर्यंत, चहाच्या ट्रेवरून आणि कोणाच्या तरी पायांवरून, अर्धी प्रदक्षिणा घातली. घाईत चित्राचे तोंड मी सतत त्यांच्याकडेच ठेवले, त्यामुळे त्यांना अखेरपर्यंत मिशावाली आईच दिसली. परत समोर येऊन मी धापा टाकत उभी राहिले, तेव्हा काका अत्यंत शांतपणे म्हणाले, “अगं, मग फोटोच जरा तिरका कर की. तू कशाला फिरतेस?”

मी फोटो तिरका केला. आई दिसली. दुसरीकडे तिरका केला. बाबा दिसले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि “काकांनी सांगितलं म्हणून कळलं बघ,” हे वाक्य मी त्या संध्याकाळी पाच जणांच्या तोंडून ऐकले. त्या पाचांत बाबाही होते. त्यांच्या नाकावरून गेलेल्या भेगेसाठी मी रात्री एक वाजता हळहळले होते, हे त्यांना कुठून माहीत असणार! ज्याने एक पाऊल टाकले नाही त्याला शाबासकी, आणि 27 घड्या घालणारीला “छंद चांगला आहे, पण वेळ फार जातो” हा सल्ला. याचा राग मला अजून आहे, आणि तो हसत हसत सांगितल्यामुळे कमी झालेला नाही.

चित्र आता बैठकीच्या भिंतीवर आहे. आईने ते काकांच्या नेहमीच्या खुर्चीच्या डाव्या हाताला टांगले आहे, त्यामुळे खुर्चीतून फक्त उजवी बाजू दिसते. काल काका आले, बसले, बराच वेळ बाबांकडे पाहत राहिले आणि मला म्हणाले, “छान झालाय हा. वहिनींचा नाही का केलास?”