पानाच्या कडेवरचे बावीस बाइट

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया आल्या दिवशीच वाचली. उत्तराला उशीर झाला, कारण त्यातला एक मुद्दा मशीनवर चालवून पाहिल्याशिवाय मला काही लिहायचं नव्हतं. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी एक्स-८६ प्रोसेसरच्या असेंब्लीत, म्हणजे त्याच्या थेट आज्ञांच्या भाषेत, स्ट्रिंग (शून्याच्या बाइटाने संपणारा मजकूर) कॉपी करणं आणि एका स्ट्रिंगला दुसरी जोडणं वेगवान कसं करायचं ते दाखवलं होतं. तुमचे आक्षेप असे: सोळा-सोळा बाइट उचलणारं माझं लूप स्ट्रिंग संपल्यावरही पुढची मेमरी वाचतं, म्हणजे ते चूक आहे. मेमरीचा अख्खा तुकडा हलवणारी ‘रेप मूव्हएसबी’ ही एकच इन्स्ट्रक्शन पुरत असताना एवढा पसारा मांडायची गरज नव्हती. आणि लायब्ररी व कंपायलर हे काम आपल्यापेक्षा चांगलं करतात, त्यामुळे नवीन मुलांना यात गुंतवणं म्हणजे त्यांचा वेळ वाया घालवणं.

पहिल्या आक्षेपात तुम्ही बरोबर आहात. माझ्या कोडमध्ये चूक होती आणि ती तुमच्यामुळे सापडली. फक्त चुकीचं कारण तुम्ही म्हणता त्याहून वेगळं आहे, आणि तो फरक महत्त्वाचा वाटतो म्हणून सविस्तर लिहितो.

स्ट्रिंगच्या शेवटच्या शून्यापुढचे चार बाइट रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या जागेत) आले म्हणून प्रोसेसर तक्रार करत नाही. त्याच्या लेखी मेमरी पानांनी, म्हणजे पेजेसनी, वाटलेली असते. नेहमीचं पान ४०९६ बाइटचं, आणि वाचायची परवानगी अख्ख्या पानाला असते किंवा नसते. ज्या पानावर स्ट्रिंगचा एखादा बाइट आहे, त्या पानावरचं इतर काहीही वाचलं तरी सेगफॉल्ट (परवानगी नसलेल्या मेमरीला हात लावल्यामुळे प्रोग्राम बंद पडणं) येत नाही. सी भाषेच्या नियमांत हे बसत नाही हे खरं, पण असेंब्लीत आपण थेट हार्डवेअरच्या नियमांवर चालत असतो. माझी चूक अशी, की स्ट्रिंग जिथून सुरू होते तिथूनच मी सोळा बाइट उचलत गेलो. पानातल्या ४०८० व्या स्थानापर्यंत कुठूनही सोळा बाइट उचलले तर ते त्याच पानात मावतात. ४०८१ ते ४०९५ या पंधरा स्थानांवरून उचलले, तर हात पुढच्या पानावर जातो. ते पान आपल्या प्रोग्रामचं नसेल, तर खेळ तिथेच संपतो.

मग माझ्या चाचण्यांत हे दिसलं का नाही? कारण मी स्ट्रिंग नेहमी मॅलॉकने (मेमरी मागून घ्यायच्या फंक्शनने) दिलेल्या जागेच्या अगदी सुरुवातीला ठेवत होतो. ६४ बिटच्या लिनक्सवर जीलिबसी या सी लायब्ररीचा मॅलॉक १६ ने भाग जाणारा पत्ता देतो, आणि ४०९६ लाही १६ ने भाग जातो. अशा पत्त्यावरून सोळाच्या टप्प्याने चाललं तर पानाची कड ओलांडणं शक्यच नसतं. लूप किती बरोबर आहे हे माझ्या चाचण्या तपासतच नव्हत्या. मॅलॉक जागा नीट देतो एवढंच काय ते त्यांनी सिद्ध केलं.

या वेळी चाचणी वेगळी केली. एमएमॅपने लागून दोन पानं घेतली, एमप्रोटेक्टने दुसऱ्या पानाचे सगळे हक्क काढून घेतले, आणि पहिल्या पानाच्या कडेला चिकटवून ‘नमस्कार’ हा शब्द ठेवला. न, म, स, हलन्त, क, काना, र असे सात कोडपॉइंट, म्हणजे युनिकोडमधली सात चिन्हं. यूटीएफ-८ या साठवायच्या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट तीन बाइटचा, म्हणजे २१ बाइट, आणि शेवटचं शून्य धरून २२. शब्द पानातल्या ४०७४ व्या स्थानी सुरू झाला आणि शून्य बरोबर ४०९५ वर, शेवटच्या बाइटात. माझ्या लूपने पहिल्यांदा ४०७४ ते ४०८९ उचलले, काही झालं नाही. दुसऱ्यांदा ४०९० पासून उचलायला गेलं, म्हणजे ४१०५ पर्यंत. सेगफॉल्ट.

दुरुस्ती छोटी आहे. सुरुवातीचा पत्ता सोळाच्या पटीत खाली आणायचा, म्हणजे ४०७४ ऐवजी ४०६४ पासून वाचायचं. त्या सोळा बाइटांची शून्याशी एकदम तुलना करायची (पीसीएमपीईक्यूबी), तिचा निकाल सोळा बिटांच्या मास्कमध्ये, दर बाइटामागे एक बिट असा, घ्यायचा (पीमूव्हएमएसकेबी), आणि स्ट्रिंगच्या आधीचे दहा बाइट आपले नाहीत म्हणून मास्क दहा बिट उजवीकडे सरकवायचा. त्यात काही सापडलं नाही की पुढचा गठ्ठा ४०८० ते ४०९५. शून्य त्याच्या शेवटच्या बिटात दिसतं, लांबी २१ मिळते, आणि पुढच्या पानाला हातही लागत नाही.

लिहिताना मात्र ही मुभा अजिबात नाही. जास्तीचा बाइट वाचला तर आपण तो टाकून देतो, पण जास्तीचा एक बाइट लिहिला तर शेजारच्या कुणाचा तरी डेटा गेला. म्हणून २२ बाइट लिहायचे असतील तर एक गठ्ठा ० ते १५ आणि दुसरा ६ ते २१ असा लिहावा. मधले दहा बाइट दोनदा लिहिले जातात, त्याने काही बिघडत नाही. शेपटीचे सहा बाइट एकेक करून नेण्यापेक्षा हे कितीतरी सोपं, आणि १६ ते ३२ मधल्या कुठल्याही लांबीला हाच कोड चालतो. ही युक्ती मला अजूनही फार आवडते.

आता ‘रेप मूव्हएसबी’. आपल्यापैकी पुष्कळांची असेंब्लीशी ओळख मायक्रोप्रोसेसरच्या प्रॅक्टिकलला ८०८६ वर झाली आणि तिथले आडाखे डोक्यात पक्के बसले. त्या काळासाठी ते बरोबरच होते. लॉडएसबी (एक बाइट वाचणं), स्टॉसबी (तो लिहिणं), तो बाइट असलेल्या एएल रजिस्टरची शून्याशी तपासणी आणि मागे उडी, असं कॉपीचं अख्खं लूप सहा बाइटांत बसतं. इन्स्ट्रक्शन मेमरीतून आणणंच महाग होतं तेव्हा छोटा कोड हाच वेगवान कोड. आजच्या प्रोसेसरवर लॉडएसबी आणि स्टॉसबी आतून अनेक कामांत फुटतात आणि साध्या मूव्हपेक्षा मागे पडतात. रेप मूव्हएसबीची गोष्ट निराळी. इंटेलने २०१२ च्या आयव्ही ब्रिजपासून ती मोठ्या कॉपीसाठी मुद्दाम सुधारली, तेव्हा मोठा ब्लॉक हलवायला ती खरंच चांगली आहे. पण ती किती बाइट हलवायचे हा आकडा आधी मागते. शून्याने संपणाऱ्या स्ट्रिंगमध्ये तो आकडाच आपल्याकडे नसतो. तो शोधायला ‘रेपएनई स्कॅसबी’ वापरली, तर ती बिचारी त्या सुधारणेत आलेलीच नाही, बाइटामागून बाइट बघत जाते. शिवाय वीस-पंचवीस बाइटांच्या कॉपीला रेप सुरू व्हायचा खर्चच जड पडतो, आणि रोजच्या स्ट्रिंग बहुतेक एवढ्याच असतात.

तिसऱ्या आक्षेपावर मी तुमच्याशी पूर्ण असहमत आहे. लायब्ररी वापरावी, मीही तीच वापरतो. जीलिबसीमध्ये स्ट्रकॉपी या स्ट्रिंग कॉपी करणाऱ्या फंक्शनच्या एसएसई-२, एव्हीएक्स-२ अशा, एकदम अनेक बाइट हाताळणाऱ्या इन्स्ट्रक्शन वापरणाऱ्या, वेगवेगळ्या असेंब्ली आवृत्त्या असतात, आणि प्रोग्राम सुरू होताना प्रोसेसर बघून त्यातली एक निवडली जाते. त्या कुणीतरी हाताने लिहिल्या आहेत, आणि उद्या नवा प्रोसेसर आला की पुन्हा कुणाला तरी लिहाव्या लागतील. पण माझा मुख्य मुद्दा तोही नाही.

स्ट्रकॅट, म्हणजे एका स्ट्रिंगला दुसरी जोडणारं सी मधलं फंक्शन, घ्या. तुमच्याकडे वीस-वीस बाइटांचे हजार तुकडे आहेत आणि ते एकापुढे एक जोडायचे आहेत. एकूण कॉपी २०,००० बाइटांची. पण स्ट्रकॅट दर वेळी पहिल्या बाइटपासून चालत शेवट शोधते: पहिल्यांदा ०, मग २०, मग ४०, शेवटच्या वेळी १९,९८०. बेरीज ९९,९०,००० बाइट. वीस हजार बाइट हलवण्यासाठी जवळजवळ एक कोटी बाइट नुसते बघितले. एव्हीएक्स-२ ने एका वेळी ३२ बघितले तरी तीन लाखांहून जास्त फेऱ्या होतात. आणि सगळ्यात दुःखाची गोष्ट अशी, की मागची कॉपी संपली तेव्हा डेस्टिनेशनचा पॉइंटर, म्हणजे आरडीआय रजिस्टर, बरोबर त्या शेवटावर उभं होतं. फंक्शनमधून परतताना आपण ते फेकून दिलं आणि आरएएक्समध्ये (उत्तर परत द्यायच्या रजिस्टरमध्ये) सुरुवातीचा पत्ता परत केला, जो बोलावणाऱ्याला आधीच ठाऊक होता.

सी मध्ये स्ट्रकॅटची ओळ निरागस दिसते. असेंब्लीत लिहिताना आरडीआय डोळ्यासमोर असतं, आणि ते टाकून देताना हात अडखळतो. मुलांनी हे एकदा तरी लिहून पाहावं असं मी म्हणतो ते यासाठी. मग एसटीपीकॉपी ही स्ट्रकॉपीची बहीण शेवटचा पत्ता का परत करते हे सांगावं लागत नाही. ती २००८ च्या पॉझिक्स या मानकात आहे, आणि ती वापरली की वरचे एक कोटी बाइट शून्यावर येतात. लांबी आधीच ठाऊक असेल तिथे जीसीसी हा कंपायलर स्वतःच स्ट्रकॅट मोडून मेमकॉपी (ठरावीक बाइट हलवणारं फंक्शन) घालतो, तेवढं श्रेय कंपायलरला आहेच. तुकडे लूपमध्ये बाहेरून येत असतील तर त्याला ते कळायला वाव नसतो.

शेवट हातात असला की बफरमध्ये किती जागा उरली तेही एका वजाबाकीत कळतं. मराठी मजकूर असेल तर इथे आणखी एक काळजी घ्या. जागा संपली म्हणून कुठेही कापलं, तर अक्षराच्या तीन बाइटांतला एखादाच मागे राहतो. जिथे कापायचं त्या बाइटाचे वरचे दोन बिट १० असतील, तर ते तसे नसलेला बाइट येईपर्यंत मागे या आणि तिथे शून्य लिहा.

मूळ लेखातलं लूप आज बदललं आहे आणि जुनं का चुकलं तेही तिथेच लिहिलं आहे. दोन पानांची चाचणीही जोडली आहे: १ ते ६४ लांबीच्या स्ट्रिंग, प्रत्येक पानाच्या कडेला चिकटवून. डेस्टिनेशनही तसंच कडेला ठेवून अजून चालवायचं राहिलं आहे. तुम्हाला वेळ झाला तर तेवढं करून बघा, आणि पडलं तर कुठल्या लांबीला पडलं ते कळवा.