ओटीपी कुणाचा आणि ऐंशी तास कुठले

'लाडकी बहीण'वरचा वाद इथून, अमेरिकेतून, वाचताना दोनच बाजू दिसतात: रेवडी की हक्क. योजना प्रत्यक्षात जिथे अडते त्या अर्जाबद्दल फार कुणी बोलत नाही. 2025 च्या ई-केवायसीत बाईच्या आधारचा ओटीपी टाकून झाला की नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचा ओटीपी मागितला जाई. दोघेही हयात नसतील तर? मृत्यूचे दाखले घेऊन अंगणवाडी सेविकेकडे जा. म्हणजे सरकारनेच दिलेला कागद सरकारलाच नेऊन दाखवा! 18 नोव्हेंबरची मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढवावी लागली, त्यात हेही एक कारण होतं.

अमेरिकेत हा खेळ आधीच होऊन गेलाय. 2018 साली आर्कान्सा राज्याने मेडिकेडला, म्हणजे गरिबांच्या सरकारी विम्याला, महिन्याला 80 तास कामाची अट घातली. सुरुवातीला तास नोंदवायचे फक्त इंटरनेटवर, आणि ते पोर्टल रात्री 9 ते सकाळी 7 बंद. दिवसभर राबणाऱ्याला मोकळा वेळ मिळायचा नेमका तेव्हाच. वर्ष संपायच्या आत 18 हजारांहून अधिक लोकांचा विमा गेला. त्यातले बरेच जण काम करत होते किंवा त्यांना अटीतून सूट होती. 2019 च्या मार्चमध्ये कोर्टाने ती अट थांबवली. तरी जुलै 2025 च्या केंद्रीय कायद्याने तेच 80 तास पुन्हा आणलेत. ज्या राज्यांनी मेडिकेड थोडं जास्त उत्पन्न असलेल्या प्रौढांनाही खुलं केलं, तिथल्या 19 ते 64 वयाच्या लोकांना ते 1 जानेवारी 2027 पर्यंत लागू होतील. शिवाय पात्रतेची तपासणी दर सहा महिन्यांनी.

त्याच्या वरच्या पायरीवर मार्केटप्लेस, म्हणजे खासगी विम्याचा सरकारी बाजार. नोकरीतून विमा न मिळणारे लोक 2014 पासून तिथे विमा घेतात, उत्पन्न पाहून सरकार हप्त्याचा काही भाग भरतं. 2021 ते 2025 या काळात कुणालाही ठरावीक पातळीच्या योजनेसाठी उत्पन्नाच्या 8.5 टक्क्यांहून जास्त भरावं लागत नव्हतं. ती सवलत संपली आणि 2026 पासून जुना कडा परत आला, म्हणजे ठरावीक उत्पन्नापुढे मदत एकदम बंद. एकट्या माणसाचं उत्पन्न 62,600 डॉलर असेल तर त्याच योजनेला 9.96 टक्के, म्हणजे वर्षाला सुमारे 6,235 डॉलर. त्यावर शंभर डॉलर जास्त कमावले की मदत शून्य. साठीतल्या माणसाला बहुतेक राज्यांत पूर्ण हप्ता याच्या दुपटीच्या घरात पडतो.

इथे अमेरिकेत स्वतंत्र कन्सल्टन्सी करणाऱ्या आपल्या लोकांनी एक बदल नीट वाचावा. वर्षाच्या सुरुवातीला उत्पन्नाचा अंदाज कमी दिला आणि डिसेंबरात मोठं बिल वसूल झालं, तर हप्त्यासाठी जास्त मिळालेल्या मदतीच्या परतफेडीला पूर्वी बऱ्याच जणांसाठी मर्यादा होती. 2026 च्या उत्पन्नापासून ती गेली. जास्तीची मदत पूर्ण परत करायची. म्हणून उत्पन्न बदललं की त्याच महिन्यात मार्केटप्लेसला कळवा. कडा थोडक्यात ओलांडला असेल तर पात्र असल्यास पारंपरिक आयआरएमध्ये, म्हणजे निवृत्तीच्या बचत खात्यात, पुढच्या 15 एप्रिलपर्यंत पैसे भरून उत्पन्न खाली आणता येतं. एच-1बी वर असलेल्यांना मात्र 2027 पासून ही मदतच नाही, अंदाज कितीही अचूक द्या.

राज्यांच्या हातात काय आहे? न्यू मेक्सिकोने गेलेली सवलत स्वतःच्या निधीतून भरून काढली. सगळ्यांना ते झेपणार नाही. पण नोंदी जुळवणं झेपेल: मालक दर तिमाहीला कामगारांच्या पगाराचा तपशील राज्याकडे भरतातच, तो मेडिकेडच्या यादीशी जोडला की अनेकांना तास भरायची गरजच उरत नाही. करोनानंतरच्या फेरतपासणीत अडीच कोटींवर लोक मेडिकेडमधून बाहेर पडले. त्यातल्या दोन-तृतीयांशांहून अधिक लोकांची अडचण कागदपत्रांची होती, अपात्र ठरल्याने ते गेले नव्हते.

या बाबतीत महाराष्ट्राने एक गोष्ट बरी केली. महात्मा फुले जन आरोग्य योजना जुलै 2024 पासून सगळ्या कुटुंबांना खुली झाली, रेशनकार्डाचा रंग न पाहता, 5 लाखांपर्यंत. श्रीमंतांनाही फुकट कशाला, हा आक्षेप ऐकू येतो. पण उत्पन्नाची अट गेली की उत्पन्नाचा दाखला, तलाठ्याकडच्या खेपा आणि कडा, तिन्ही जातात. राहतो तो रुग्णालयांच्या थकलेल्या बिलांचा प्रश्न. तो पैशाचा आहे, तो अर्थसंकल्पातच सोडवावा. लाभार्थ्याच्या अंगठ्याच्या ठशात त्याचं उत्तर शोधू नये.