डावं अधिक उजवं बरोबर शून्य

घरच्या घरी गाणी मिक्स करणाऱ्याच्या, म्हणजे वेगवेगळी रेकॉर्ड केलेली वाद्यं आणि गळे एका गाण्यात बसवणाऱ्याच्या, आयुष्यात सुखाचे क्षण नसतातच असं नाही. रात्री घर झोपलं की हेडफोन चढवावेत, एक गिटार पार डावीकडे लोटावी, दुसरी पार उजवीकडे, मागे कीबोर्डचा असा काही विस्तार करावा की आपण कपाटाशेजारच्या खुर्चीत नसून मोठ्या सभागृहाच्या मधोमध बसलो आहोत असं वाटावं, आणि मग डोळे मिटून स्वतःच्याच कर्तबगारीला मान डोलवावी. एवढं झालं की सगळं गाणं जिथून बाहेर पडतं त्या मास्टर ट्रॅकवरचं ‘मोनो’ नावाचं बटण दाबावं. सभागृह जातं, कपाट परत येतं.

हे बटण दाबायची सक्ती कुणी केलेली नाही. पण ते दाबलं नाही तर झोप लागत नाही, आणि दाबलं तर झोपायला वेळ उरत नाही.

स्टिरिओत डावा आणि उजवा आवाज वेगवेगळे असतात; मोनो म्हणजे त्या दोघांची बेरीज. बेरीज हा गणितातला सगळ्यात सज्जन प्रकार, असा माझा शाळेपासूनचा समज. पण आवाज ही वर-खाली होणारी लाट, आणि लाटांच्या बेरजेत सज्जनपणा चालत नाही. डावीकडे लाट वर जाताना तीच लाट उजवीकडे खाली जात असेल, तर स्टिरिओत आवाज अफाट रुंद वाटतो, भिंतीपलीकडून आल्यासारखा. दोन्ही एकत्र केल्या की उत्तर शून्य. आवाज कमी होत नाही, दबत नाही, नसतोच.

माझ्याकडच्या एका सिंथच्या (इलेक्ट्रॉनिक वाद्याच्या) प्रीसेटने, म्हणजे त्यातल्या एका तयार आवाजाने, हा चमत्कार करून दाखवला. त्याच्या नावात ब्रह्मांड वगैरे होतं आणि स्टिरिओत तो खरोखरच ब्रह्मांडभर पसरायचा. मोनो दाबलं आणि ब्रह्मांड गेलं. त्या ट्रॅकचा मीटर मात्र आनंदाने नाचत होता. उपाय एका क्लिकचा असतो, एका बाजूची पोलॅरिटी उलटी करायची, म्हणजे वरची लाट खाली आणि खालची वर. केली. आवाज परत आला, रुंदी गेली. म्हणजे ब्रह्मांड त्यात मुळात नव्हतंच. एक बारकासा साधा आवाज होता आणि उजव्या बाजूला त्याला वजाचं चिन्ह लावून ठेवलं होतं.

तयार गाण्यातून गायक काढून टाकायची जुनी युक्तीही याच वजाबाकीवर चालते. गायक बहुधा मधोमध असतो, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखाच. एक बाजू उलटी करून दुसरीत मिळवली की गायक गायब, बाजूची वाद्यं शिल्लक. आमच्या गाण्यात गायक म्हणजे माझा मावसभाऊ. ही युक्ती मला बऱ्याच हितचिंतकांनी आपणहून सुचवली आहे.

या सगळ्याच्या मुळाशी ॲलन ब्लूमलाइन नावाचा, ईएमआय या रेकॉर्ड कंपनीतला इंग्रज इंजिनिअर आहे. सिनेमात नट पडद्याच्या एका टोकाला आणि आवाज भलतीकडून, यावर त्याने होणाऱ्या बायकोजवळ कुरकुर केली असं सांगतात, आणि १९३१ मध्ये त्याने स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला. सिनेमा बघताना कुरकुर करणारे आमच्याही घरात आहेत. पेटंट अजून एकाच्याही नावावर नाही.

पुढे १९४९ मध्ये हेल्मुट हास नावाच्या जर्मन संशोधकाने दाखवून दिलं की एकच आवाज दोन दिशांनी काही मिलिसेकंदांच्या फरकाने आला तर कान त्याला एकच आवाज मानतात आणि जो आधी पोचला त्याच्याच दिशेकडे बोट दाखवतात. कानाच्या या भोळेपणाचा फायदा मिक्स करणाऱ्यांनी घेतला नसता तरच नवल. एक गिटार डावीकडे ठेवायची, तिचीच नक्कल दहा मिलिसेकंद उशिराने उजवीकडे. फुकटात दोन गिटारी! मोनोमध्ये मात्र या दोघी एकमेकींवर आदळतात. ५० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला पन्नास लाटांच्या स्वराला, खड्डा, १५० ला खड्डा, २५० ला, ३५० ला, आणि असेच दर शंभर हर्ट्झवर थेट वरपर्यंत. उरते ती गिटार नळातून वाजवल्यासारखी.

यावरचा खरा इलाज म्हणजे गिटार दुसऱ्यांदा वाजवून घेणं. माणूस तीच गोष्ट दोनदा अगदी तशीच वाजवू शकत नाही, त्यामुळे दोन लाटा एकमेकींना खात नाहीत. हे शास्त्र गिटारवाल्या मित्राला समजावताना शब्द जपून वापरावे लागतात. ‘तुला तेच तसंच परत वाजवता येणार नाही, म्हणून तर परत वाजव’ हे वाक्य कितीही प्रेमाने उच्चारलं तरी नीट पोचत नाही.

वाजवलं त्याने. मग मोनोत ऐकून म्हणाला, “माझी गिटार कमी केलीस.” मी फेडरला, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्टीला, हातही लावला नव्हता. दुर्दैव असं की त्याचं म्हणणं बरोबर होतं. मधोमध असलेला आवाज दोन्ही बाजूंना हुबेहूब सारखा, म्हणून बेरजेत सहा डेसिबलने वाढतो. वेगवेगळ्या वाजवलेल्या दोन गिटारी मिळून तीनच डेसिबलने वाढतात. म्हणजे मोनोत गायक आपोआप तीन डेसिबलने मोठा होतो. मी हे कागदावर मांडून दाखवलं. त्याने कागद पाहिला, मावसभावाकडे पाहिलं आणि म्हणाला, “नातेवाईक आहे ना तुझा, चालायचंच.”

आता मोनोचं बटण दाबून दोन्ही स्पीकरवर ऐकावं, तर जाणकार तेही चालू देत नाहीत. दोन स्पीकरमधून एकच आवाज आला की तो मधोमध हवेतून आल्याचा भास होतो. पण प्रत्येक कानाला जवळचा स्पीकर आधी आणि लांबचा किंचित उशिरा ऐकू येतो, त्यामुळे दोन हजार हर्ट्झच्या आसपास, म्हणजे नेमके शब्द स्पष्ट होतात त्या भागात, आवाज थोडा खचतो. खरा मोनो ऐकायचा तर एकाच स्पीकरवर ऐका, असा दंडक आहे. म्हणून मी उजवा स्पीकर बंद ठेवतो. बाबा दारात येऊन उभे राहिले.

“अरे, तो उजवा बंद पडलाय.”

“मीच बंद केलाय, बाबा.”

“का?”

“दोन्हींतून सारखाच आवाज आला की मध्ये घोटाळा होतो.”

बाबांनी जरा विचार केला. “मग दोन आणलेस कशाला?”

याचं उत्तर ब्लूमलाइनला देता आलं असतं. मला आलं नाही. तेव्हापासून मी उजवा स्पीकर बंद केला की थोड्या वेळाने तो चालू झालेला असतो आणि मागची वायर घट्ट बसवलेली असते.

त्यातून ज्या स्पीकरवर हा मोनो ऐकायचा तो चांगला असता कामा नये, हे वेगळंच. या धंद्यात वाईट आवाजाला मोठा मान आहे. ऑराटोन नावाचा एक छोटा चौकोनी डबा होता. त्यात पाच इंची एकच स्पीकर, खर्जही नाही आणि वरचा झगमगाटही नाही. वापरणारे त्याला हॉररटोन म्हणायचे आणि मोठमोठ्या स्टुडिओंत मानाने मांडून ठेवायचे. यामाहाचा पांढऱ्या पडद्याचा एनएस-१० हा स्पीकर १९७८ चा. तो घरगुती श्रोत्यांसाठी काढला होता, त्यांना तो आवडला नाही, तेव्हा स्टुडिओवाल्यांनी उचलला. वरचा आवाज कानात टोचतो म्हणून लोक त्याच्या ट्वीटरवर, म्हणजे वरच्या स्वरांच्या छोट्या स्पीकरवर, टिश्यू पेपर चिकटवायचे. कोणता टिश्यू, एक पदर की दोन, यावर गंभीर चर्चा व्हायच्या. मी माझ्या स्पीकरवर कागद लावलेला नाही. तेवढं पथ्य मी पाळतो, कारण बाबा तो काढतील.

खरी छळवणूक यानंतर सुरू होते. स्टिरिओत पॅन नावाची सोय असते: गिटार आणि कीबोर्ड एकमेकांच्या जागेवर बसत असतील तर एकाला डावीकडे पाठवा, दुसऱ्याला उजवीकडे. भांडकुदळ भावंडांना वेगवेगळ्या खोल्यांत झोपवावं तसं. भांडण मिटत नाही, फक्त ऐकू येत नाही. मोनोत खोली एकच. हजार ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात गायक, दोन गिटारी, कीबोर्ड आणि ड्रमसेटमधली स्नेअर असे सगळे एकमेकांच्या अंगावर पाय टाकून पडलेले असतात आणि प्रत्येकाला ही जागा मुळात आपलीच वाटते. मग ईक्यू, म्हणजे आवाजातला एखादाच पट्टा कमी-जास्त करायचं साधन, घेऊन बसायचं. गिटारीतून अडीच हजारापाशी थोडं कापायचं की गायकाचा शब्द वर येतो. कीबोर्डचा खालचा गढूळपणा काढला की गिटारीला श्वास घेता येतो. गिटार जरा मोकळी झाली की स्नेअर बसकी वाटू लागते. स्नेअर उचलली की गायक पुन्हा बुडतो. पहाटेपर्यंत मी अर्धा-अर्धा डेसिबल इकडचा तिकडे करत असतो. एखाद्या कारकुनानेही इतकी किरकोळ रक्कम इतक्या वेळा मोजली नसेल.

आणि सगळं जमून आलं की गिटारवाला येतो आणि ‘सोलो’ दाबतो. बाकी सगळं बंद, फक्त त्याची गिटार. कापून कापून बारीक केलेली, कृश, किरकिरी. गाण्यात ती उत्तम बसते, एकटी मात्र ऐकवत नाही. अशा वेळी त्याच्या चेहऱ्याकडे पाहू नये. माझं स्पष्ट मत आहे की वादक खोलीत असताना सोलोचं बटण सॉफ्टवेअरनेच आपणहून लपवायला हवं.

मावसभावाचं दुःख निराळं. रिव्हर्बची, म्हणजे आवाजामागे वरून घातलेल्या घुमण्याची, डावी आणि उजवी बाजू एकमेकींपेक्षा वेगळी असते, म्हणून मोनोत तीही मागे पडते, आणि गायक एकदम कोरडा, उघडा, पुढ्यात येऊन उभा राहतो. स्टिरिओत झाकलेला प्रत्येक स्वर मग आपली खरी उंची सांगतो. “दादा, थोडा रिव्हर्ब वाढव ना,” असं तो म्हणतो. वाढवला तर स्टिरिओत तो विहिरीतून गायल्यासारखा वाटतो. बाय द वे, बेसची कथाही करुणच आहे. मोबाइलच्या इवल्या स्पीकरमधून साठ हर्ट्झ निघतच नाही, तेव्हा बेसला मुद्दाम थोडा खरखरीत करावा लागतो. त्या खरखरीतले वरचे स्वर ऐकून कान खालचा मूळ स्वर मनानेच भरून काढतो. म्हणजे बेसवाल्याने जे वाजवलं ते ऐकू येत नाही, आणि जे ऐकू येतं ते त्याने वाजवलेलं नसतं. तो बिचारा काही बोलत नाही. बेसवाले बोलत नाहीतच.

हा खटाटोप कशासाठी, असं कुणी विचारलं की मी बीटल्सचं नाव पुढे करतो. १९६७ च्या त्यांच्या गाजलेल्या अल्बमचा मोनो मिक्स त्यांनी स्वतः बसून आठवडेच्या आठवडे केला. स्टिरिओ मिक्स काही दिवसांत उरकला गेला, आणि त्याला ते हजरही नव्हते. पण खरं कारण इतकं भारदस्त नाही. सिग्नल ढेपाळला की एफएम रेडिओ मुकाट्याने मोनोवर येतो, कारण एफएमचा मूळ संदेशच डाव्या-उजव्याच्या बेरजेचा असतो आणि दोघांतला फरक वेगळा, वरच्या मजल्यावरून पाठवलेला असतो. टेबलावरचा ब्लूटूथ डबा बहुतेक वेळा मोनोच. आणि शेजारच्या खोलीतून दारातून गाणं ऐकणारा प्रत्येक माणूस निसर्गतःच मोनो असतो. आमच्या घरातला असा सर्वांत अचूक कान बायकोचा. माझी रात्रभराची मेहनत तिने आतूनच ऐकली आणि म्हणाली, “अरे, दुसऱ्या कडव्यात तो काय म्हणतोय?” मी अडीच हजारापाशी आणखी एक डेसिबल कापला. शब्द कळला. ती म्हणाली, “मघाचंच बरं होतं.”

शेवटी एकदाचं ते मोनोत जमलं. बटण सोडलं आणि गाणं दोन्ही बाजूंना असं उमललं की मलाच खरं वाटेना. फाइल दोघा कलावंतांना पाठवली. ते शेजारी शेजारी बसले, एका मोबाइलला एकच इअरफोनची जोडी लावून. डावा गिटारवाल्याच्या कानात, उजवा मावसभावाच्या.

“कीबोर्ड काढून टाकलास?” गिटारवाल्याने विचारलं.

“काढलाय कुठे? उलट तोच फार झालाय,” मावसभाऊ म्हणाला.

दोघांची जुंपली. मला निवाडा करायला बोलावलं. मी म्हटलं, इअरफोन बदलून बघा. त्यांनी बदलले, परत पहिल्यापासून ऐकलं, आणि आता मावसभाऊ कीबोर्ड कुठे गेला म्हणून विचारतो आहे आणि गिटारवाला त्याला तो किती जास्त आहे ते पटवून देतो आहे.