परदेशातून: आधी साइडपट्टी

गेल्या महिन्यात आमच्या दहावीच्या ग्रुपवर तीन दिवस भांडण चाललं होतं. अमळनेरात सायकलवाल्यांचा एक गट झालाय. आमच्या वर्गातले चौघे त्यात आहेत. गावाला सायकल ट्रॅक हवा म्हणून त्यांनी निवेदन दिलं आणि फोटो टाकला. सगळे हेल्मेट घालून, काळे गॉगल लावून उभे. झालं! "आधी खड्डे बुजवायला सांगा." "लाखाची सायकल घ्यायची आणि रस्ता फुकट मागायचा." एकाने नाशिकच्या महाजन बंधूंचं उदाहरण फेकलं. दोघे डॉक्टर भाऊ २०१५ मध्ये अमेरिका या टोकापासून त्या टोकापर्यंत, सुमारे ४,८०० किलोमीटर, सायकलने पार करून आले, त्यांनी कुठे ट्रॅक मागितला होता? शेवटी कोणीतरी मला ओढलं. "ती तिकडे क्लबात आहे ना, तिला विचारा तिकडे कसं असतं ते."

हे "तिकडे" फार ऐसपैस असतं. हॉलंडचे ट्रॅक, जर्मनीची शिस्त आणि मी राहते ते इंग्लंडमधलं लीड्स, सगळं एकाच पिशवीत. लीड्सहून बाहेर पडलं की दोन्ही बाजूंना कुंपणाची झुडपं, मधे जेमतेम एक मोटार जाईल एवढा रस्ता आणि त्या रस्त्यावर आपल्याला लाजवतील असे खड्डे. ट्रॅक नाही. रविवारी सकाळी क्लबच्या सायकली निघतात त्या याच रस्त्यांवर.

क्लबात मी वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी गेले. त्याआधी सायकल म्हणजे प्रताप कॉलेजला जायची लेडीज सायकल, पुढे जाळीची बास्केट. इथे जुनी रोड बाइक घेतली, वाकड्या हँडलची, बारीक टायरची. वर्षभर एकटीच चालवली. क्लबाला लिहायचं धाडस होत नव्हतं. लिहिलं तर उत्तर आलं, पहिल्या तीन फेऱ्या पाहुणी म्हणून या, पटलं तर वर्गणी भरा. वर्षाची वर्गणी हॉटेलात दोघांनी जेवावं एवढी. हे मामांना फोनवर सांगितलं. मामांची सगळी नोकरी खेड्यातल्या शाळेवर सायकलने जाण्यात गेली. ते अहिराणीत म्हणाले, "पैसा दिसन सायकल चालाडतस का तुम्ही?" पैसे देऊन सायकल चालवायची! त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पहिल्या रविवारी वेगाप्रमाणे चार गट उभे होते. मी अर्थातच चौथ्यात. गटाचे म्होरके एक निवृत्त पोस्टमन, वय अडुसष्ट. माझी सायकल कोणत्या कंपनीची हे त्यांनी पाहिलं नाही. दोन्ही ब्रेक दाबून पाहिले, जादा ट्यूब आहे का विचारलं, पंप आहे का विचारलं आणि म्हणाले, आज तू माझ्या शेजारी.

पुढचे तीन तास त्यांनी मला जे शिकवलं, त्यात वेगाचं काहीच नव्हतं. पुढच्याचं मागचं चाक आणि आपलं पुढचं चाक एकमेकांच्या बाजूला कधी येऊ द्यायचं नाही. तो जरा बाजूला झाला तर त्याला काही होत नाही, पडतो आपण. खड्डा दिसला की हात खाली करून बोट दाखवायचं, कारण मागच्याला आपल्या पाठीपलीकडचं काही दिसत नाही. मागून गाडी आली की शेवटच्याने ओरडायचं आणि ती हाक एकेकाने पुढे पोहोचवायची. एकदम ब्रेक मारायचा नाही. शेजाऱ्याच्या पुढे अर्धं चाक काढत राहायचं नाही. ही खोड मला होती. नवख्याला वाटतं, आपण मागे पडतोय असं दिसू नये, म्हणून तो नकळत थोडा पुढे राहतो, मग शेजारी त्याला गाठायला जातो, असं करत दोघे मिळून गटाचा वेग वाढवतात आणि मागचे तुटतात. पोस्टमनबाबा दर पाच मिनिटांनी माझ्या हँडलकडे बघून नुसते हसायचे. पुढच्याच्या आडोशाने चाललं की वारा लागत नाही आणि तेवढ्याच ताकदीत कितीतरी पुढे जाता येतं, हे मात्र मला कोणी शिकवायची गरज नव्हती. लहानपणी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला हात लावून धुळे रोडने कोण गेलं नाही?

मग ओटलीचा चढ आला. डोंगराला नाव शेव्हिन. मी शेवटची, आणि शेवटची म्हणजे अगदीच शेवटची. वर पोहोचले तर सगळे थांबलेले. मला पाहताच दोघांनी पाय पेडलवर ठेवले. पोस्टमनबाबांनी हात वर केला. "ती आत्ता आलीये. तुम्ही पाच मिनिटं बसलात, तिनेही पाच मिनिटं बसायचं." एवढंच. मी बाटली काढली, पाणी प्यायले, चॉकलेट खाल्लं, श्वास खाली आला, मग सगळे निघाले. शेवटच्याची वाट पाहणारे पुष्कळ असतात. तो आल्या आल्या निघतात, म्हणजे ज्याला विश्रांती सगळ्यात जास्त हवी त्याच्याच वाट्याला ती येत नाही. ही साधी गोष्ट मला त्या चढावर पहिल्यांदा कोणीतरी हिशेब करून दाखवली.

त्याच फेरीत सिग्नलला पेडलमध्ये अडकवलेला बूट वेळेत न सुटल्याने मी उभ्याउभी आडवी झाले, हेही सांगून टाकते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. म्हणे, आता तू क्लबाची झालीस.

मधे चहाला थांबतो. टोस्टवर बीन्स आणि केकचा एवढाला तुकडा. तिथे पहिल्याच दिवशी बेरिल बर्टनची गोष्ट ऐकली. लीड्सजवळच्या मॉर्लीची बाई, रुबार्ब नावाच्या भाजीच्या शेतात मजुरी करणारी. १९६७ मध्ये बारा तासांच्या शर्यतीत तिने २७७.२५ मैल, म्हणजे ४४६ किलोमीटर कापले. पुरुषांमध्ये पहिला येणाऱ्यालाही वाटेत मागे टाकलं आणि जाता जाता त्याच्या हातावर ज्येष्ठमधाची एक गोळी ठेवली. त्या माणसाने त्याच दिवशी पुरुषांचा नवा विक्रम केला होता, तरी तो तिच्या मागेच. बायकांमधला तिचा आकडा पन्नास वर्षं टिकला. शेतात राबणाऱ्या बाईच्या मांड्यांत किती बळ असतं हे आपल्याकडे कापूस वेचणाऱ्या बायका पाहिलेल्याला नवल नाही. मला नवल वाटलं ते याचं की तिला सायकल मिळाली आणि क्लबही मिळाला.

आता दुसरी बाजू, नाहीतर ग्रुपवर "तिकडचं कौतुक" म्हणून टोमणे येतील. माझ्या क्लबात बहुतेक सगळे गोरे, पन्नाशीपुढचे पुरुष आहेत. माझ्या गटात आम्ही बायका तीन, आणि सावळी मी एकटीच. सोमवारी यातलं जवळपास कोणीच सायकलने कामावर जात नाही, सगळे मोटारीने. इंग्लंडमधल्या रस्त्याच्या नियमावलीत २०२२ पासून स्पष्ट लिहिलंय की सायकलवाल्यांनी दोघांनी शेजारी शेजारी चालायला हरकत नाही, आणि मोटारवाल्याने ओलांडताना निदान दीड मीटर अंतर ठेवावं. तरी काच खाली करून शिव्या देणारा दर रविवारी एक तरी भेटतो. त्यामुळे नियम झाला की माणूस सुधारतो, यावर माझा फार विश्वास उरलेला नाही.

आणि काटे! शेतकरी मार्च ते ऑगस्ट कुंपणाची झुडपं छाटत नाहीत, पक्ष्यांची घरटी असतात. सप्टेंबरात छाटणी सुरू झाली की हॉथॉर्नचे काटे रस्ताभर. मी पहिला काटा नखाने टायरमधून उपसला तेव्हा हातात बाभळीचा काटा असल्यासारखंच वाटलं. फक्त जरा बुटका.

म्हणजे रस्ते चांगले म्हणून तिकडे क्लब चालतो, हे खरं नाही. पण याच्या उलट, शिस्त आली की आपल्याकडेही चालेल, असं मला लीड्समध्ये बसून म्हणता आलं असतं, जानेवारीत गावी येऊन चालवली नसती तर.

वर्गमित्राची सायकल मागून घेतली. शनिवार होता. पहाटे सहाला चौकात अकरा जण, कानटोप्या, स्वेटर, वर हेल्मेट. स्वागत छान झालं, फोटो झाला. गप्पा सगळ्या बीआरएमच्या, म्हणजे ठरल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्यांच्या. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, कोणाकडे किती मेडल. गंमत अशी की या बीआरएमची मूळ कल्पनाच शर्यत नसण्याची आहे. वेळेत पोहोचा एवढंच, त्यात पहिला-दुसरा कोणी नसतो. आमचा गट मात्र गावाची वेस ओलांडताच असा सुटला की आठव्या किलोमीटरला माझ्यापुढे फक्त धुकं होतं. माझ्यासोबत राहिला एक कॉलेजचा मुलगा, तोही नवखा. म्हणाला, "ताई, मागच्या शनिवारीही असंच झालं. ते परत येताना भेटतात." ते वाईट लोक नाहीत. कोणी पडलं तर दहा जण धावून येतील, घरी नेऊन जेवायला घालतील. वाट पाहायची असते, हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही इतकंच.

पण गट निघून गेल्यामुळे मला रस्ता दिसला. दोन्ही बाजूंना दादर, म्हणजे रब्बी ज्वारी, निसवायला आलेली. सात वाजता रस्त्यावर आमच्याहून कितीतरी जास्त सायकली होत्या. दोन्हीकडे कॅन लटकवलेले दूधवाले. सकाळच्या शाळेला निघालेल्या मुली, तिघी-चौघी, निळे स्वेटर. कामावर निघालेला एक म्हातारा, कॅरिअरला डबा बांधलेला. यांपैकी कोणाकडेही हेल्मेट नाही, कोणी निवेदन दिलेलं नाही, आणि गावातला नियोजित ट्रॅक यांच्या कोणाच्याही वाटेवर नाही.

त्यांची सायकल चालते ती साइडपट्टीवर. खरं तर साइडपट्टी असायला हवी तिथे. दरवेळी डांबराचा नवा थर पडतो, रस्ता उंच होतो, बाजूचा मुरूम पावसात वाहून जातो आणि कडेला वीतभर पायरी तयार होते. मागून डंपरचा हॉर्न आला की मुली पायरीवरून खाली मुरमात उतरतात. उतरणं सोपं आहे. परत चढताना सायकल तिरकी घेतली तर चाक डांबराच्या कडेला घासतं, हँडल फिरतं आणि माणूस पडतो तो रस्त्याच्या बाजूला, मागून येणाऱ्या गाडीसमोर. म्हणून त्या चढायलाच जात नाहीत. उतरतात, सायकल उचलून वर ठेवतात, पुन्हा टांग मारतात. दोन किलोमीटरमध्ये एका मुलीला मी हे पाच वेळा करताना मोजलं.

माझं म्हणणं एवढंच आहे मित्रांनो, की निवेदन मागे घ्या आणि नवीन लिहा. ट्रॅकचा शब्द काढा. साइडपट्टी मागा, डांबराच्या पातळीला आणलेली, दाबलेली, दरवर्षी पावसाळ्यानंतर पुन्हा भरलेली. मग तुम्हाला "लाखाची सायकल" म्हणून कोणी चिडवू शकणार नाही, कारण ती मागणी आधी दूधवाल्याची असेल. तुमचा आक्षेप मला माहीत आहे. साइडपट्टी केली की दिवाळीला तिच्यावर मका वाळत पडेल, उरलेल्या जागेत कापसाच्या गाड्या उभ्या राहतील. पडेल, राहतील. ट्रॅकवर काय होणार आहे? पाणीपुरीची गाडी. मका दोन महिन्यांनी उचलला जातो.

आणि शनिवारची फेरी चार गटांत करा, किंवा निदान दोन. मागच्या गटाला एक म्होरक्या द्या, ज्याला मेडलची घाई नाही असा. ज्याने आठव्या किलोमीटरला माझी सोबत केली तो मुलगा पुढच्या महिन्यात सायकल विकून टाकेल, नाहीतर.

परतताना शाळेच्या अलीकडे माझं मागचं चाक बसलं. अर्थात बाभळीचा काटा. तो मुलगा पुढे जाऊन पंप शोधायला लागला, कारण माझ्याकडे ट्यूब होती, पंप नव्हता. पोस्टमनबाबांनी पाहिलं असतं तर! मघाची पाच वेळा उतरलेली मुलगी मागून आली आणि थांबली. टायर अंगठ्याने दाबून पाहिला. विचारलं, "ताई, कितीनी शे?" खरी किंमत पंच्याऐंशी हजार. मी चाळीस सांगितली. तिने मनात काहीतरी हिशेब केला आणि स्वतःच्या सरकारी सायकलीकडे एकदा पाहिलं. मग चाक हळूहळू फिरवत तिने काटा शोधून दिला. माझ्याआधी.

शाळेची घंटा झाली. मी म्हटलं, जा तू, उशीर होईल.

"प्रार्थना व्हई जाई," ती म्हणाली, "हजेरी नंतर शे," आणि पंप येईपर्यंत माझी सायकल धरून उभी राहिली.